मडकेवाला

पॉल बेअररच्या नावाचा पत्ता आमच्या गठ्ठ्यात कधीच नव्हता. डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या ट्रम्प कार्डांवर पैलवानाची उंची असायची, वजन असायचं, छाती असायची, रँक असायची. अंडरटेकरचा पत्ता हाती आला की पोट्टे तो शेवटपर्यंत दाबून ठेवायचे. पण त्याच्या पुढे काळा कोट घालून, तोंडाला पांढरी पावडर फासून, दोन्ही हातांत कलश धरून चालणाऱ्या गोलमटोल माणसाची छाती किती, हे छापावंसं कोणाला वाटलं नाही. बरोबरच आहे म्हणा. त्याची छाती मोजून करायचं काय? तो लढतच नव्हता. मला मात्र गठ्ठ्यातल्या साऱ्या पैलवानांपेक्षा तोच जास्त आवडायचा, आणि हे चारचौघांत बोलायची सोय नव्हती. आठवीतल्या पोट्ट्याचा हिरो पैलवान असावा लागतो. पैलवानाचा मॅनेजर हा हिरो कसा होणार?

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, नागभीड-सिंदेवाहीच्या पट्ट्यातलं. धानाच्या बांध्या, तलाव, तलावाच्या पाळीवर मारोती आणि त्याच्या पलीकडे जंगल. गावात एकाच्या स्लॅबवर डिशची छत्री बसली आणि तिच्यातून निघालेली काळी वायर आंब्यावरून कडुनिंबावर, कडुनिंबावरून कवेलूच्या छपरांवर अशी सरपटत काही घरांत शिरली. ज्यांच्या घरी शिरली त्यांच्या अंगणात संध्याकाळी चपलांचा ढीग पडायचा. कुस्ती इंग्रजीत चालायची. आमची इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेली, आणि आठवीतही ती ‘माय नेम इज’च्या फार पुढे सरकली नव्हती. कॉमेंट्रीवाले कशावरून भांडताहेत, कोण कोणाला काय धमकी देतोय, यातलं अक्षर कळत नसे. जो तो आपल्या अकलेनं कथा लावायचा. अंडरटेकरला सात जन्म आहेत, तो कितीदा तरी मेला आहे, अशा बातम्या मधल्या सुट्टीत पक्क्या व्हायच्या. १९९६ साली अक्षय कुमारच्या एका हिंदी पिक्चरमध्ये अंडरटेकर आला तेव्हा तर कहरच झाला. (तो खरा नव्हता, ब्रायन ली होता. गंमत म्हणजे १९९४च्या समरस्लॅम या कुस्तीच्या मोठ्या कार्यक्रमात जो नकली अंडरटेकर खऱ्यासमोर उभा केला होता, तोही हाच गडी. नकली म्हणूनच त्याचं नाव झालं बिचाऱ्याचं.)

पॉल बेअररच्या बाबतीत मात्र कथा लावावी लागत नसे. तो काय म्हणतो आहे ते इंग्रजीवाचून कळायचं.

अमेरिकन कुस्तीत मॅनेजर हा प्रकार जुना. ज्या पैलवानाचं अंग बोलतं पण तोंड चालत नाही, त्याच्या वतीनं बोलायला तो असतो. शिवाय पंचाचं लक्ष भलतीकडे वेधायचं, समोरच्याचा पाय ओढायचा, पब्लिकच्या शिव्या आपल्या अंगावर घ्यायच्या, ही कामं त्याचीच. बॉबी हीनन नुसत्या जिभेच्या जोरावर अख्खं स्टेडियम पेटवायचा. जिमी हार्ट मेगाफोन घेऊन कलकलाट करायचा. मिस्टर फुजी मूठभर मीठ समोरच्याच्या डोळ्यांत फेकायचा. मिस एलिझाबेथ काही न बोलता काळजीनं उभी राहायची, आणि तेवढ्यानं रँडी सॅव्हेजसारखा माथेफिरूही माणसात आल्यासारखा वाटायचा. आमच्या मातीतल्या कुस्तीत असा माणूस नाही. आपल्याकडे वस्ताद असतो, पण तो पैलवान घडवतो आणि दंगलीच्या दिवशी आखाड्याच्या कडेला गप्प बसतो. मॅनेजर पैलवानाला काहीच शिकवत नाही. तो आपल्याला शिकवतो, या पैलवानाकडे कसं बघायचं ते.

अंडरटेकर २२ नोव्हेंबर १९९० ला सर्व्हायव्हर सिरीज या वार्षिक कार्यक्रमात पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचा मॅनेजर ब्रदर लव्ह होता, लालभडक तोंडाचा, पांढऱ्या सुटातला ढोंगी प्रवचनकार. १९९१च्या सुरुवातीला त्यानं हा गडी पॉल बेअररच्या स्वाधीन केला, आणि मग खरं जुळलं. अंडरटेकर सहा फूट दहा इंच. हळू चालायचा, जवळजवळ बोलायचा नाही, मार बसला तर चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. नीट विचार केला तर हे फार धोक्याचं सोंग होतं. चेहरा न हलवणाऱ्या माणसाला बघून घाबरायचं की हसायचं, हे पब्लिकनं ठरवायचं असतं, आणि पब्लिकचा काही भरवसा नसतो. ते ठरवण्याचं काम बेअरर करायचा. रिंगच्या खाली उभा राहून तो पापणी न लवता आपल्या माणसाकडे बघायचा. तोंड अर्धवट उघडं, भुवया वर, गाल थरथरताहेत, डोळ्यांत भीती आणि भक्ती दोन्ही. अंडरटेकर आडवा पडला की तो कलश वर उचलायचा, आणि पडलेला गडी कंबरेतून ताठ उठून बसायचा. त्या क्षणी आमच्या अंगणातलं एकही पोट्टं अंडरटेकरकडे बघत नसे. सगळे आधी बेअररच्या तोंडाकडे बघायचे, खात्री करून घ्यायला.

आणि तो आवाज. एवढ्या जाड माणसाच्या गळ्यातून एवढा बारीक, चिरका, कापरा आवाज निघावा? ‘ओऽऽऽह येऽऽऽस!’ एवढे दोन शब्द आम्हाला पूर्ण समजायचे, आणि तेवढ्यावर आमचं भागायचं. शाळेत हजेरी घेताना एकानं ‘हजर सर’च्या जागी हे म्हणून दाखवलं होतं. पुढचं सांगण्यासारखं नाही.

हा माणूस मुळात कोण, हे खूप वर्षांनी, इंटरनेट हाती आल्यावर वाचलं आणि हादरलोच. खरं नाव विल्यम मूडी. जन्म १९५४, अलाबामा राज्यातलं मोबील शहर. काही काळ हवाई दलात. आणि पोटापाण्याचा धंदा? प्रेतं हाताळण्याचा! त्यानं त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. अमेरिकेत माणूस गेला की प्रेत धुऊन, रसायनं भरून, कपडे चढवून, शवपेटीत नीट ठेवून नातेवाइकांना दाखवायचं, दफनाची सगळी तजवीज करायची, याचा परवाना लागतो. तो परवाना त्याच्याकडे होता. सोबत कुस्तीचा नाद. टेक्सासमध्ये तो पर्सी प्रिंगल नावाचा, पिवळ्याधमक केसांचा, तोंडाळ मॅनेजर म्हणून चालत होता. पुढे जो अंडरटेकर झाला तो मार्क कॅलवे तिथे नवखा असताना चेहरा झाकून ‘टेक्सास रेड’ या नावानं उतरला, तेव्हाही त्याच्या बाजूला हाच प्रिंगल उभा होता. म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफनं प्रेतं पुरणाऱ्याचं सोंग पैलवानाला दिलं, आणि त्याच्यासाठी मॅनेजर शोधला तर तो खराखुरा प्रेतं हाताळणारा निघाला. केस काळे केले, तोंडाला पावडर लावली, आवाज वर चढवला आणि माणूस उभा राहिला.

हे वाचलं तेव्हा आमच्या गावचे एक काकाजी डोळ्यांपुढे आले. गावात कोणी गेलं की पहिला निरोप त्यांना जायचा. कोणाच्याही मातीले ते सगळ्यांच्या आधी हजर. तोडून आणलेल्या बांबूंतले दोन सारखे लांब बघून बाजूला काढायचे, आडव्या काड्या टाकायच्या, काथ्यानं गाठी मारायच्या, वर तणस पसरायची. गाठ मारताना काथ्याचं टोक दातांत धरायचे आणि पायाचा अंगठा बांबूवर रोवून आवळायचे. घरात बायांचा आकांत चाललेला असे, पण अंगणात यांची घाई कधी दिसली नाही. आवाज खाली, दोन शब्दांत सूचना. ‘डोकं इकडे.’ ‘विसावा नाल्यापाशी.’ ज्याचा बाप गेला त्या पोराच्या हातात विस्तवाचं मडकं ते स्वतः द्यायचे आणि काही न बोलता त्याची बोटं बरोबर जागी बसवायचे. हेच काकाजी टपरीवर भेटले तर असे चावट किस्से सांगायचे की चहा नाकातून यायचा. बेअररचं मला नेमकं हेच वाटतं. त्याचं सोंग अतिरेकी होतं, हसू यावं इतकं, पण त्याचे हात कधी चुकत नव्हते. कलश धरण्याची त्याची पद्धत बघा. एक हात तळाशी, एक कडेला, कोपर अंगाला लागून. ज्यानं दुसऱ्याच्या घरातलं दुःख कामाचा भाग म्हणून उचललं आहे, त्याचे हात आहेत ते. नुसत्या नटाला हे जमायला अवघड.

आम्ही पोट्टे त्याला मडकेवाला म्हणायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळ मांडला की सगळ्यांत उंच पोट्टा अंडरटेकर व्हायचा, त्याच्या खांद्यावर कोणाच्या तरी आजोबांची काळी घोंगडी. मी लढाईत कुचकामी, त्यामुळे मडकेवाल्याचं काम बिनविरोध माझ्याकडे. घरातला पितळी गडवा दोन्ही हातांत धरून, डोळे वर करून, मी सगळ्यांच्या पुढे चालायचो. एकदा अशीच आमची वरात आवाज न करता आमच्याच अंगणात शिरली. आजी वाळत घातलेल्या मोहफुलांवरून कोंबड्या हाकलत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं. पुढे तिचा नातू, हातात भांडं, मागे पोट्ट्यांची मुकी रांग. तिच्या उभ्या आयुष्यात माणसं अशी एकाच कामाला निघालेली तिनं पाहिली होती.

‘अरे बाप्पा! कोनाच्या मातीले चालले रे पोट्टेहो? बाप जित्ता हाये ना तुहा!’

कोंबड्यांसाठी हातात घेतलेली काडी आमच्यावर आली. अंडरटेकर घोंगडी टाकून सगळ्यांत आधी पळाला. गडवा तिनं हिसकून घेतला, चिंच लावून घासला, देवापाशी ठेवून वर दोन फुलं वाहिली. पुढे आठवडाभर माझ्या बापाला ती वेगळ्याच काळजीनं जेवायला वाढत होती. अमेरिकेत विल्यम मूडीनं लाखो माणसांच्या अंगावर काटा आणला असेल. पण त्याच्या सोंगानं आमच्या आजीइतकं खरोखर कोणी घाबरलं असेल असं मला वाटत नाही.

आता १८ ऑगस्ट १९९६. क्लीव्हलँड, समरस्लॅम. आम्ही ते पुष्कळ उशिरा पाहिलं, पण पाहिलं. लढत बॉयलरच्या खोलीत सुरू होते. अंडरटेकर आणि मॅनकाइंड नावाचा पैलवान, पाईप, शिड्या, लोखंड. अट एवढीच की रिंगपर्यंत पोचून बेअररच्या हातातला कलश जो घेईल तो जिंकला. लढता लढता दोघं रिंगपर्यंत येतात. अंडरटेकर वर चढतो, गुडघ्यावर बसतो आणि हात पुढे करतो. इतक्या वर्षांचा माणूस समोर आहे, कलश त्याच्या हातात आहे, फक्त घ्यायचा आहे. आणि बेअरर तोंड फिरवतो. पाठ करून उभा राहतो. मॅनकाइंड मागून येऊन अंडरटेकरला धरतो, बेअरर हसतो, आणि मग ज्या कलशानं इतकी वर्षं उठवलं, तोच कलश त्याच्या डोक्यात घालतो.

अंगणात कोणी ओरडलं नाही. आमच्यातला एक म्हणाला, ‘पैसे घेतले असन बे त्यानं.’ बस. गावात बांधाच्या भांडणात साक्ष फिरवणारी माणसं आम्ही पाहिली होती. ते तोंड फिरवणं आमच्या ओळखीचं होतं.

पण माझ्या लेखी त्याची सगळ्यांत मोठी कामगिरी पुढच्या सालची. १९९७ मध्ये बेअरर बोलायला लागला की अंडरटेकरला एक धाकटा भाऊ आहे. लहानपणी घराला आग लागली, आईबाप गेले, भाऊही गेला असं हा समजतो. पण तो जिवंत आहे, भाजलेला आहे, आणि येतो आहे. महिनोन् महिने केन नावाचा कोणी पडद्यावर नव्हताच. होता फक्त बेअररचा आवाज. तो रडायचा, किंचाळायचा, रुमालानं तोंड पुसायचा, पुन्हा हसायचा. ५ ऑक्टोबर १९९७ ला सेंट लुईसमध्ये शॉन मायकल्स आणि अंडरटेकरची पिंजऱ्यातली लढत चालू असताना दिवे गेले, तांबडा उजेड पडला आणि मुखवट्यातला एक राक्षस बेअररच्या मागून चालत आला. त्यानं पिंजऱ्याचं दार उपटलं आणि भावासमोर उभा राहिला. ग्लेन जेकब्ज नावाच्या माणसाचं पुढलं सारं आयुष्य त्या चालण्यावर उभं आहे. (२०१८ मध्ये तो टेनेसीतल्या नॉक्स परगण्याचा मेयर झाला. भाषणं करायला लागला म्हणे!) पण तो येण्याआधीच त्याची भीती तयार होती, आणि ती एकट्या बेअररनं तोंडानं तयार केली होती. अंडरटेकर जवळजवळ मुका, केन तर पूर्ण मुका. दोन मुक्या डोंगरांच्या मधे हा एक ठेंगू माणूस बोलत राहिला, आणि एका घराण्याची सगळी भाऊबंदकी त्यानं उभी केली. भाऊबंदकी विदर्भात कोणाला समजावून सांगावी लागते काय?

‘ते खोटं असते ना बे सगळं?’ हा प्रश्न नेमका असा माणूस विचारतो ज्यानं झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं नाटक पाहिलेलं नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे दिवस आले की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याच्या नाटक मंडळ्यांची नाटकं लागतात. रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. घोंगड्या, पोती पांघरून अख्खं गाव बसलेलं. खलनायकाचं काम करणारा नट संध्याकाळी आमच्याच टपरीवर भजे खाताना सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच रात्री तो नायिकेच्या बापाला घराबाहेर काढतो तेव्हा मागून बाया त्याला अशा शिव्या घालतात की माइकवाला आवाज वाढवतो. त्यांना ठाऊक नसतं का की हे नाटक आहे? चांगलंच ठाऊक असतं. शिव्या घालायला मिळाव्यात म्हणून तर तिकीट काढलेलं असतं. आणि तो नटही शिव्या ऐकून खूश असतो. ज्या रात्री शिव्या पडत नाहीत त्या रात्री काम पडलं म्हणायचं. बेअरर वडश्याच्या एखाद्या मंडळीत असता तर त्याच्या तारखा दसऱ्यालाच भरल्या असत्या.

पुढचं भराभर सांगतो. १४ मार्च २००४, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, विसावी रेसलमेनिया, कंपनीचा वर्षातला सगळ्यांत मोठा कार्यक्रम. अंधारात तोच चिरका ‘ओऽऽह येस’ आधी आला आणि मग कलश घेऊन तो. तेव्हा मी नागपूरला शिकत होतो, आणि होस्टेलच्या टीव्हीसमोर इंजिनिअरिंगची मोठी मोठी पोरं खुर्चीवर उभी राहिली. त्याच साली जूनमध्ये त्याला काचेच्या खोलीत काँक्रीटमध्ये पुरण्याची कथा केली, ती मला मुळीच पटली नाही, आजही पटत नाही. २०१० मध्ये तो परत आला, परत उलटला. त्यात जीव नव्हता.

५ मार्च २०१३ ला मूडी गेले. वय ५८. आणि महिना उलटायच्या आत कंपनीनं त्यांच्या मरणाचीच कथा केली. सीएम पंक या पैलवानानं कलश पळवला, रेसलमेनियाच्या आधीच्या सोमवारी त्यातली राख अंडरटेकरच्या अंगावर ओतली. मी तेव्हा गावी होतो. माझी आई कधी कुस्ती बघत नाही, पण ती राख तिनं पाहिली, ‘हे काय लावलं’ म्हणाली आणि उठून गेली. मलाही राग आला. मग दोन दिवसांनी वाटलं, ज्या माणसानं मरणाचा धंदा केला आणि मरणाचाच तमाशाही केला, त्याला हे कदाचित आवडलं असतं. पुन्हा चार दिवसांनी वाटलं, त्याला आवडलं असतं तरी ते करायला नको होतं. अजून माझं तिथेच आहे. पुढच्या वर्षी त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. नाव घोषित करायला केन आला, सन्मान घ्यायला मुलगे आले, आणि शेवटी अंडरटेकर त्याच वेषात मंचावर येऊन गेला. ते ठीक झालं.

२०२० सालच्या नोव्हेंबरात अंडरटेकरनं निरोप घेतला, बरोबर तीस वर्षांनी, सर्व्हायव्हर सिरीजमध्येच. आपल्याकडे ती सोमवारची सकाळ. धान कापून झालं होतं, चुरणी (मळणी) बाकी होती. करोनाचं वर्ष, मंडई नाही, नाटकं नाहीत. तिकडेही पब्लिक नव्हतं, स्क्रीनवर माणसांची तोंडं लावलेली. मी खळ्यावर बसून मोबाइलवर बघत होतो, रेंज येत-जात होती. अंडरटेकर बोलला, गुडघ्यावर बसला, आणि रिंगमध्ये प्रकाशाचा एक पॉल बेअरर उभा राहिला, कलश घेऊन. तंत्रानं केलेला, आरपार दिसणारा. माझा भाचा बाजूला होता. त्याला रोमन रेन्स माहीत, ब्रॉक लेस्नर माहीत. त्यानं विचारलं, ‘मामा, हा लठ्ठ कोन?’ मी सांगायला लागलो आणि चुरणीवाले ट्रॅक्टर घेऊन आले तरी माझं सांगणं संपलं नव्हतं.

आमच्यातला जो तेव्हा अंडरटेकर व्हायचा, त्याचं आता तालुक्याला खताचं दुकान आहे. त्याच्या मते आजवरचा सगळ्यात मोठा मॅनेजर पॉल हेमन. लेस्नरसाठी कसा बोलायचा बघ, रेन्सच्या मागे कसा उभा राहायचा बघ. युरियाची पोती मोजून देता देता तो मला हेमनची आख्खी भाषणं म्हणून दाखवतो, थांबण्याच्या जागांसकट. हेमन मोठा आहे, यात वाद नाही. द ग्रेट खली २००६ मध्ये आला तेव्हा त्याच्या वतीनं बोलणारा दैवारीही वाईट नव्हता. पण मी त्याला म्हटलं, हेमन शब्दांवर जगतो. आवाज बंद करून बघ, उरतो एक सुटातला माणूस, ओठ हलवणारा. बेअररचा आवाज बंद कर, तरी भीती वाटते. आम्हाला एक वाक्य समजत नसताना त्यानं आम्हाला आग सांगितली, भाऊ सांगितला, दगा सांगितला. हेमन समजायला इंग्रजी लागते.

‘मंग शिकून घे ना बे आता,’ तो म्हणाला, आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.